साल्मनची शाळा : डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा एक पाठ

(आश्रमशाळांतील शिक्षक व वसतिगृहप्रमुख यांच्यासाठी)

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागराला लागून वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन निराळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला.) दरवर्षी जानेवारीच्या सुमारास या राज्यातील कितीतरी शाळांच्या वर्गांत साल्मन माशाची शे-दोनशे अंडी येतात. वाटाण्याएवढी, नारिंगी रंगाची, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे आतल्या पिल्लाचे डोळे.

आपल्याकडे हॉटेलात रावस माशाला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात, पण त्याचा या माशाशी काही संबंध नाही. खरा साल्मन थंड प्रदेशातला. तो डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, काही काळ तिथेच वाढतो, मग प्रवाहाबरोबर समुद्रात जातो. तिथे जातीनुसार एक ते पाच वर्षे राहून, वीण घालण्याची वेळ आली की आपल्या जन्माच्या पाण्याचा वास ओळखत पुन्हा त्याच नदीत शिरतो. प्रवाहाच्या उलट, धबधब्यांवरून उड्या घेत वर चढतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर-मादी दोघेही मरतात. त्यांची कलेवरे अस्वले, गरुड, पाण्यातले किडे खातात. उरलेले काठच्या झाडांच्या मुळांशी जाते. समुद्रातला नत्र त्या झाडांच्या लाकडात सापडतो.

वर्गात आलेल्या अंड्यांसाठी काचेची टाकी असते. पाणी थंड ठेवणारे यंत्र तिला जोडलेले असते आणि बाहेरून जाड फोमच्या पाट्या लावून अंधार केलेला असतो, कारण ओढ्यात अंडी खडीखाली अंधारातच असतात. मुलांची पाळी लागते. रोज तापमान लिहायचे, मेलेले अंडे पांढरे पडते ते वेचून काढायचे (नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते), पाण्यातला अमोनिया तपासायचा, ठरावीक पाणी बदलायचे.

यातले गणित आपल्या सहावी-सातवीच्या मुलांना सहज जमेल. रोजचे तापमान अंशांत लिहून बेरीज करत जायची. चिनूक जातीच्या साल्मनमध्ये अंडे घातल्यापासून ही बेरीज साधारण ५०० झाली की अंडे फुटते. पाणी १० अंश असेल तर ५० दिवस. ८ अंश असेल तर ६२-६३ दिवस. अंड्यांचा मुक्काम दिनदर्शिकेवर नसून पाण्याच्या गारव्यावर ठरतो, हे मुलगा स्वतः मांडलेल्या बेरजेतून शिकतो. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लटकलेली असते, ती संपेपर्यंत ते काही खात नाही. वसंत ऋतूत ही बोटाच्या पेरांएवढी पिल्ले सरकारी मत्स्य खात्याने परवानगी दिलेल्याच ओढ्यात सोडली जातात. भलत्या ओढ्यात सोडायला मनाई आहे, कारण रोग पसरू शकतो.

आता खरे सांगायचे तर, शाळांनी सोडलेल्या या पिल्लांनी नदीतले मासे वाढत नाहीत. एका मादीच्या दोन-तीन हजार अंड्यांतून परत येऊन वीण घालणारे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? पिल्लू सोडायला ओढ्यावर गेलेला मुलगा विचारतो, “आमचा मासा इथे जगेल का?” तेथून पुढचा धडा सुरू होतो. पाणी किती थंड आहे, त्यात विरघळलेला प्राणवायू किती, खडी स्वच्छ आहे की गाळाने भरली आहे, हे तो तपासतो. दगड उलटा करून खालचे किडे पाहतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगले. मग नजर काठावरून वर, डोंगराकडे जाते, कारण वरच्या अंगाला जंगल तोडले की सावली जाते, पाणी तापते आणि माती वाहून येऊन खडी बुजते. पाणलोट क्षेत्र हा शब्द असा त्याच्या गळी उतरतो.

निस्क्वाली नदीच्या खोऱ्यात तर मुले मेलेले साल्मन मासे उचलून ओढ्यात टाकतात! मत्स्यबीज केंद्रात वीण घेतल्यानंतर उरलेली ती कलेवरे असतात. पूर्वी हजारो मासे ओढ्यात मरून त्याला खत मिळत असे. आता मासे कमी येतात, म्हणून ती भरपाई. वास सुटलेला मासा हातात धरायला सुरुवातीला कोणी पुढे होत नसेल, हे आपण समजू शकतो.

हा विषय आपल्या त्रैमासिकात घेण्याचे कारण याच खोऱ्यात आहे. निस्क्वाली हे तेथील जनजातीचे नाव. १८५४ मध्ये या व शेजारच्या जनजातींनी जमिनीचा फार मोठा भाग सोडून देणारा करार केला, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्यात राखून ठेवला. पुढे राज्य सरकार त्याच मासेमारीसाठी त्यांना अटक करू लागले. बिली फ्रँक धाकटे यांना १९४५ मध्ये पहिल्यांदा पकडले तेव्हा ते अवघ्या १४ वर्षांचे, म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या मुलाएवढे होते. आयुष्यात त्यांना पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की, पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर करार केलेल्या जनजातींचा हक्क आहे.

हक्क मिळाला, पण नदीत मासेच नसतील तर निम्मे कशाचे? म्हणून जनजातींनी नदी सांभाळण्याचे काम हाती घेतले आणि लढा रस्त्याखालच्या मोऱ्यांपर्यंत गेला. रस्ता बांधताना ओढ्यावर सिमेंटचा किंवा पत्र्याचा नळ टाकतात. काही वर्षांत त्याच्या तोंडाखालची माती खचते, नळ हातभर उंच राहतो आणि चढणाऱ्या माशाची वाट तिथेच संपते. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला अशा मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी समान मते पडल्याने तो आदेश कायम राहिला.

एल्वा नदीची गोष्ट याहून मोठी. १९१३ मध्ये समुद्रापासून सुमारे आठ किलोमीटरवर आणि १९२७ मध्ये आणखी वर, अशी तिच्यावर दोन धरणे झाली. माशांना वर जायला दोन्हींत वाट ठेवली नव्हती. लोअर एल्वा क्लॅलम जनजातीने अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढली गेली. पाणी उतरल्यावर, आपली उत्पत्ती जिथे झाली असे ही जनजाती मानते ती बुडालेली जागाही पुन्हा उघडी पडली. साल्मन आता वरपर्यंत जातो. वॉशिंग्टन राज्याने २०१५ मध्ये तेथील जनजातींचा इतिहास व त्यांचे स्वशासन सर्व सार्वजनिक शाळांत शिकवणे कायद्याने बंधनकारक केले, त्यामुळे गोऱ्या मुलांनाही हे शिकावे लागते.

आपल्याकडे साल्मन नाही, आणि थंड टाकीचा खर्च आपल्या आश्रमशाळांनी करूही नये. पण मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे मासे आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. कोकणात त्यांना चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. तेही वीण घालायलाच चढतात, आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या त्याच वाटेवर पकडल्या जातात. पावसाळ्यात समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी असते. ओढ्यावर तेवढा धाक कोणाचा नसतो. पूर्वी किती मासे चढत, कोणती जात आता दिसत नाही, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहून आणावे. नावे बोलीतलीच लिहावीत.

त्याआधी वर्गात एक कागदाचा प्रयोग घ्यावा. पाठकोरा कागद चुरगाळून अर्धवट उलगडा. जे उंचवटे दिसतील त्यांच्या धारेवर पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या स्केचपेनने रेषा ओढा आणि हाताने पाणी शिंपडा. शाई कोणत्या दरीतून वाहते, कुठे साचते ते मुलांना बोटाने दाखवू द्या. मग एका उंचवट्यावर चिमूटभर हळद टाकून पुन्हा पाणी शिंपडा; ती तळ्यापर्यंत पोचेल. वॉशिंग्टनमधल्या शहरांजवळ पाऊस पडला की कोहो जातीचे साल्मन वीण घालण्याआधीच मरत. मोटारींच्या टायरमध्ये घालतात त्या एका रसायनापासून बनणारे विष रस्त्यावरून धुऊन ओढ्यात येते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. आपल्या हळदीच्या जागी शेतातली फवारणी किंवा धुण्याचा साबण आहे असे समजा.

यानंतर शाळेजवळचा एकच ओढा निवडून उगमापासून गावापर्यंत चालत जावे. वाटेत किती मोऱ्या लागल्या, त्यांतल्या कितींचे तोंड खालच्या पाण्यापासून उंच आहे, हे पट्टीने मोजून नोंदवहीत लिहावे. ही फेरी उन्हाळी सुट्टीआधी करावी. पहिल्या पावसात ओढा भरलेला असताना मुलांना पात्रात उतरवू नये. चढणारे मासे काठावरून, मोठ्या माणसांच्या सोबतीनेच पाहावेत.