इतका पाऊस, तरी पाण्याचं ओझं का?

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी जानेवारीत रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगड गाठणार आहोत. राहण्या-खाण्याचं सगळं सामान पाठीवर. आधी जाऊन आलेला प्रत्येक जण एकच बजावतो, पाणी भरपूर घ्या. ज्या डोंगरांवर पावसाळ्यात धबधबे मोजता येत नाहीत, तिथलं पाणी तीन-चार महिन्यांत जातं कुठे? आणि आम्ही नेमकं किती न्यायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाणी जातं कुठे हे कळलं, की किती न्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं. म्हणून आधी डोंगराकडे पाहू.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचा आहे. एकावर एक पसरलेले थर थंड होऊन थाळ्यांच्या चवडीसारखे बसले. थराचा मधला कातळ घट्ट असतो, त्यात पाणी जवळजवळ मुरत नाही. थराचा माथा मात्र सच्छिद्र आणि झिजलेला असतो, आणि कातळाला उभ्या भेगा असतात. पावसाचं बहुतेक पाणी उतारावरून थेट ओढ्यात धावतं. थोडंसं भेगांतून खाली झिरपतं, घट्ट थरापाशी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. कड्याखालच्या पदरात हिरवी झाडी दाट दिसते ती बऱ्याचदा याच ओलाव्यावर.

आता खिंडीचा विचार करा. झऱ्याला पाणी पुरवतो तो त्याच्या वरचा डोंगर. माथ्याजवळ वर उरतो तो लहानसा तुकडा, त्यामुळे खिंडीतले आणि धारेवरचे झरे सर्वांत आधी आटतात. खाली खोऱ्यात, नदीच्या डोहात आणि गावच्या विहिरीत, पाणी जास्त काळ टिकतं. म्हणजे जानेवारीत तुमच्या वाटेवर दिवसाच्या दोन टोकांना पाणी आणि मधल्या चढावर कोरडं, असं धरूनच चालावं.

गड बांधणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. म्हणून रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर कातळात कोरलेली टाकी आहेत. सावलीतल्या टाक्यात पावसाचं आणि झिरपलेलं पाणी साठून राहतं. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती थंडगार पाणी असतं, तेही याच कातळाच्या पोटातलं.

यावरून आखणीचा पहिला नियम निघतो : मुक्काम अंतर पाहून ठरवू नका, पाणी पाहून ठरवा. पहिली रात्र रतनगडावर, दुसरी कुमशेतला, तिसरी पाचनईत किंवा हरिश्चंद्रगडावर, चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतार, ही मांडणी पाण्याला धरून आहे. कात्राबाईच्या जंगलात, खिंडीच्या आसपास तंबू टाकायचा मोह होईल. तो टाळा.

आता हिशेब. थंडीतही पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चढ-उतार करणाऱ्या माणसाला पिण्यासाठी तीन ते चार लिटर लागतं. रात्री टाक्यापाशी किंवा गावात असाल, तर स्वयंपाकाचं पाणी पाठीवर न्यावं लागत नाही. तेव्हा रोज सकाळी निघताना प्रत्येकीकडे चार लिटर असावं, दोन-तीन बाटल्यांत विभागून, म्हणजे एक फुटली तरी सगळं जाणार नाही. चार लिटर म्हणजे चार किलो. सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये असा एक चांगला दंडक आहे. साठ किलोच्या व्यक्तीला बारा किलो. त्यातून पाणी वजा केलं, की अंथरूण, कपडे, शिधा आणि तंबूतला वाटा या सगळ्याला उरले आठ. जास्तीचे कपडे इथेच गळतात.

शिधाही पाणी पाहून निवडा. दिवसाचं खाणं दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे असं, चूल न मागणारं असावं. भात, खिचडी रात्री, पाण्यापाशी. नुसतं पाणी ढोसू नका. घामावाटे मीठही जातं, म्हणून क्षारसंजीवनीची पाकिटं जवळ ठेवा.

टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी आधी कापडातून गाळा, मग उकळा. या उंचीवर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्यात तर अर्धा तास थांबूनच प्या. टाक्यात उतरू नका, काठावर साबण लावू नका. पाणी भांड्याने काढून दूर नेऊन वापरा.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे आणि विस्तवाचे नियम वन विभागाकडे निघण्याआधी विचारा. कड्यांवर आग्यामोहोळं असतात, म्हणून धूर आणि अत्तर दोन्ही वर्ज्य. आणि कुमशेतहून किंवा रतनवाडीहून वाटाड्या जरूर घ्या. गुरं चारायला रोज रानात जाणाऱ्या माणसाला कोणता झरा यंदा आधी आटला हे ठाऊक असतं. कोणत्याही नकाशात ते सापडणार नाही. त्याची मजुरी आधी ठरवा आणि पूर्ण द्या. गावच्या विहिरीचं पाणी विचारून घ्या. उन्हाळ्यात याच गावांतल्या बायांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. त्यामुळे मार्च उलटल्यावर हीच वाट मोठ्या जमावाने करू नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी एक काम निघण्याआधी घरी बसूनच करा. कागदावर रोजच्या चालीपुढे तीन गोष्टी लिहा : पाणी कुठे आहे, ते अलीकडे कोणी पाहिलं, आणि नसलं तर मागे कुठून फिरायचं. त्याची एक प्रत घरी ठेवा, कारण खोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पुढचं पाणी मिळण्याआधी बाटल्या निम्म्यावर आल्या आणि पुढच्या पाण्याची खात्री नसली, तर तिथूनच परत फिरा. उरलेल्या निम्म्या पाण्यात मागच्या मुक्कामापर्यंत पोहोचता येतं, आणि गड पुढच्या वर्षीही तिथेच असतो.