क्यूजीआयएस टाकण्याआधी

परवा तुम्ही तिघं तीन लॅपटॉप घेऊन जुळे सोलापुरात आमच्या हॉलमध्ये क्यूजीआयएस, म्हणजे ते नकाशांचं सॉफ्टवेअर, टाकायला बसलात आणि अख्खी दुपार पडद्यावरचं गोल चक्र बघण्यात गेली. म्हणून सांगतो बाळा. मी शेतातून मोजणीची साखळी ओढलेला माणूस. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. क्यूजीआयएस रिटायर झाल्यावर शिकलो, त्यामुळे लागलेल्या ठेचा अजून ताज्या आहेत.

सगळ्यांत नवीन ते घेऊ नकोस. एलटीआर लिहिलेली आवृत्ती घे. तिच्यात नवं काही घालत नाहीत, वर्षभर नुसत्या चुका दुरुस्त करतात. आणि तिघांनी एकच घ्या. नव्यात केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडला की कुरकुर सुरू.

विंडोजला एमएसआय फाइल. जवळपास एक जीबी आहे, रात्री लावून झोप. एकदा पेनड्राइव्हवर आली की नेट नसलेल्या मशीनवरही बसते. मॅक पहिल्यांदा कदाचित उघडूच देणार नाही. घाबरायचं नाही, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन खाली 'ओपन एनीवे' दाबायचं.

उबंटूत मात्र सगळे फसतात. नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की उबंटूच्या स्वतःच्या कोठारातली जुनी आवृत्ती येते. क्यूजीआयएसचं कोठार वेगळं जोडावं लागतं, आधी त्याची किल्ली, मग पत्ता. पत्त्यात तुझ्या उबंटूचं नाव बरोबर हवं: २२.०४ असेल तर जॅमी, २४.०४ असेल तर नोबल. कुठलीतरी जुनी ओळ कॉपी करून चिकटवलीस की मी बसलो तसा दोन दिवस बसशील. तरी उबंटूवाल्याने कमीपणा वाटून घेऊ नये. क्यूजीआयएस सुरू करणाऱ्या गॅरी शर्मनने २००२ साली हे काम हाती घेतलं तेच त्याला लिनक्सवर चालेलसं काही हवं होतं म्हणून.

बसलं? लगेच नाचू नकोस. आपल्या विजापूर रोडचा संभाजी तलाव काढ आणि त्याला बफर, म्हणजे भोवती ठरावीक अंतराचा पट्टा, दे. मी पहिल्यांदा काठापासून पाच मीटर म्हणून ५ टाकले, तर मुंबई नि हैदराबाद दोन्ही तलावाच्या काठात आली! ते पाच अंश होते. खाली उजव्या कोपऱ्यात ४३२६, म्हणजे अंशांच्या मापाचा नंबर, दिसला की हात आवर. आपलं सोलापूर यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, त्याचा नंबर ३२६४३. थर त्यात नव्याने सेव्ह कर, मग मीटर मिळतात. नुसता कोपऱ्यातला नंबर बदलून थराचे अंश जात नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

आणि तुझा तो चष्मेवाला मित्र नकाशाची एकटी डॉट एसएचपी फाइल घेऊन आला होता. तिच्याबरोबर एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे लागतात. पीआरजे नसेल तर नकाशा कुठल्या मापात आहे तेच कळत नाही. त्याला म्हणावं, उरलेल्या तिघी घेऊन रविवारी ये.