गोचीड, कुत्रा आणि ‘औषध’

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारायच्या विषाला ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘औषध आणले’, ‘औषध मारले’ असे आपण सहज बोलतो. भाषेच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग गमतीचा वाटेल. परंतु या एका शब्दाने केवढा घोटाळा होतो, हे पाहावयाचे असेल तर ओसरीवर निजलेल्या कुत्र्याकडे पाहावे. त्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरलेले असतात. बिचारा रात्रंदिवस खाजवत असतो. घरात फवारणीतून उरलेली बाटली असते. पिकावरची कीड जर या औषधाने मरते, तर कुत्र्यावरची का मरू नये, असा विचार मनात येतो आणि ते पाण्यात कालवून त्याच्या अंगाला चोळले जाते. गोचीड मरतात, आणि कधी कधी त्यांच्याबरोबर कुत्राही जातो.

हे विष किती जहाल आहे, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. २०१७ सालच्या खरिपात डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. जे श्वासावाटे व कातडीवाटे शरीरात जाऊन धडधाकट माणसाला लोळवते, ते दहा-पंधरा किलो वजनाच्या जिवाला कसे सोसेल?

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाव घालतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पोहोचवते. काम झाले की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या द्रव्याचा नाश करते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. स्नायू थरथरत राहतात, तोंडातून लाळ वाहते, शेवटी श्वास अडतो. हे द्रव्य आणि हे विकर किडीच्या, कुत्र्याच्या आणि माणसाच्याही मज्जासंस्थेत असते. म्हणून किडीचे विष ते आपले नव्हे, असे मानणे ही भ्रांती होय.

कुत्र्याला अधिक धोका असतो तो त्याच्या सवयीमुळे. अंगाला जे लागेल ते तो चाटून काढतो. त्यामुळे कातडीला लावलेले पोटातही जाते. माणसाने हातापायांना लावावयाची, डास पळविणारी डीटयुक्त मलमेही याच कारणाने कुत्र्याला लावू नयेत. त्यांनी उलट्या, कंप व झटके येऊ शकतात. रॉकेलने कातडी पोळते व चाटल्यास फुप्फुसांना इजा होते. फिनेल व डांबरगोळ्याही विषारीच. कुत्र्यासाठी बनविलेली पर्मेथ्रिनयुक्त औषधे घरच्या मांजराला मात्र प्राणघातक ठरतात, कारण मांजराच्या शरीरात त्याचा निचरा नीट होत नाही.

मग गोचीड राहू द्यावेत काय? मुळीच नाही. ते रक्त पितात आणि एर्लिकियासारखे रोग पसरवितात. पण त्यांची रीत ध्यानात घ्यावी. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली गळतो, कात टाकतो व पुन्हा चढतो. मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे आयुष्यातील बहुतेक काळ गोचीड कुत्र्यावर नसतोच, तो आपल्या घरात असतो! म्हणून कुत्र्यावर अधिक जहाल विष ओतून काहीच साधत नाही. भिंतीच्या फटी लिंपाव्यात, कुत्र्याचे पोते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, अंगावरचे गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावेत. औषध लावणे झालेच तर पशुवैद्यकाने कुत्र्याचे वजन पाहून सांगितलेलेच लावावे आणि ते वाळेपर्यंत त्याला चाटू देऊ नये. घरात वा गोठ्यात फवारणी करावयाची असल्यास कुत्र्याला आधी बाहेर न्यावे, त्याचे पाण्याचे भांडे उचलावे आणि जमीन पूर्ण वाळल्यावरच त्याला आत आणावे.

एवढे करूनही कुत्र्याला लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, अंग थरथरू लागले, तर वेळ दवडू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत चढवून त्याचे अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. उलटी करविण्याच्या किंवा दूध-तेल पाजण्याच्या भरीस पडू नये. विषाची बाटली घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जावे. बाटलीवरील नाव कळले म्हणजे उपचाराची दिशा ठरते. ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण तो वेळेवर टोचला गेला पाहिजे.

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, केवळ कमी विषारी. हा त्रिकोण वाचावयास मोठी विद्या लागत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना तो समजावून सांगणे हे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे काम आहे. आणि त्याआधी एक सोपी गोष्ट आपल्या हाती आहे. ज्याने जीव वाचतो त्यालाच औषध म्हणावे. ज्याने जीव जातो त्याला विष म्हणावे. योग्य शब्द तोंडी असला म्हणजे बाटलीकडे जाणारा हात निदान क्षणभर तरी थांबतो. ओसरीवरच्या मुक्या राखणदाराला तेवढा क्षण पुरतो.