विहिरीचे पाणी आणि मोजमापाचा भरवसा

गावातील लहान मुलांच्या दातांवर पिवळसर, तपकिरी डाग उमटू लागले आणि वयस्क माणसांच्या पाठी व गुडघे ताठरू लागले, की तेथील पाण्यात फ्लुओराइड अधिक असावे, अशी शंका घेण्यास जागा असते. भारतात या विकाराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष १९३७ साली, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यामुळे प्रथम वेधले गेले. पुढे राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रातील यवतमाळ व चंद्रपूर अशा अनेक भागांत तो आढळला. या पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवीवरूनही काही ओळखता येत नाही. म्हणून विहीर वापरावी की बंद करावी, हा निर्णय सर्वस्वी प्रयोगशाळेने दिलेल्या एका आकड्यावर अवलंबून राहतो.

भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ सालच्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्यातील फ्लुओराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम ठरविली आहे. पाण्याची दुसरी सोय नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत दिली आहे. आता समजा, एकाच विहिरीचे पाणी तीन प्रयोगशाळांकडे पाठविले, आणि पहिलीने १.४, दुसरीने १.६ व तिसरीने ०.७ असे उत्तर दिले. गावाने कोणाचे ऐकावे?

पहिल्या दोन उत्तरांत सकृद्दर्शनी दिसतो तेवढा विरोध असेलच असे नाही. कोणतेही मोजमाप एका बिंदूवर नेमके टेकत नाही. त्याच्या भोवती संशयाचा एक पट्टा असतो. त्यालाच शास्त्रीय परिभाषेत अनिश्चितता म्हणतात. दोन्ही मापनांची अनिश्चितता ०.१५ धरली, तर पहिले उत्तर १.२५ ते १.५५ आणि दुसरे १.४५ ते १.७५ या पट्ट्यांत येते. हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. म्हणजे दोन्ही प्रयोगशाळा बहुधा एकच गोष्ट सांगत आहेत. अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. आपला पट्टा किती रुंद आहे हे सांगणारी प्रयोगशाळा, नुसताच आकडा हाती देणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा अधिक विश्वासार्ह होय.

तिसऱ्या उत्तराची गोष्ट मात्र निराळी आहे. ०.७ हा आकडा कोणत्याही पट्ट्यात बसत नाही, आणि तोच सर्वांत घातक आहे. कारण त्याच्या भरवशावर दूषित विहीर चालू राहील. तो कसा उद्भवला असेल? फ्लुओराइड मोजण्यासाठी लँथॅनम फ्लुओराइडाच्या स्फटिकाचे विद्युत् अग्र वापरतात. ते फक्त मोकळ्या फ्लुओराइडाला प्रतिसाद देते. पाण्यात ॲल्युमिनियम असेल, तर ते फ्लुओराइडाला घट्ट बांधून ठेवते आणि तो भाग उपकरणाला दिसतच नाही. यावर उपाय म्हणून नमुन्यात एक विशिष्ट उभयप्रतिरोधी द्रावण मिसळून हे बंध सोडवितात. ते द्रावण जुने झाले असेल, वा घालावयाचेच राहून गेले असेल, तर उपकरण सुस्थितीत असूनही उत्तर खोटे येते. शिवाय या अग्राचा स्वभाव असा की, फ्लुओराइडचे प्रमाण दहापट बदलले तरी २५ अंश सेल्सिअस तापमानाला विद्युत् दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टच बदलतो. अर्थात एका मिलिव्होल्टची चूक उत्तरात जवळजवळ चार टक्क्यांची चूक होऊन उतरते. खोली किती उष्ण होती याची नोंद ठेवण्याचा प्रयोगशाळेचा आग्रह हा कारकुनी सोपस्कार नव्हे, हे यावरून दिसेल.

उपकरणाला आकड्यांची भाषा शिकवावी लागते. ज्यात किती फ्लुओराइड आहे हे आधीच ठाऊक आहे, अशी द्रावणे त्याच्यापुढे ठेवून त्याची वाचने तपासणे, यास अंशशोधन म्हणतात. २२१ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम फ्लुओराइड एक लिटर पाण्यात विरघळविले, की लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लुओराइडचे द्रावण तयार होते. परंतु हे २२१ मिलिग्रॅम तोलले कशावर? तराजू दहा मिलिग्रॅमने चुकला, तर प्रमाणित द्रावणच सुमारे साडेचार टक्क्यांनी बिघडेल आणि त्यानंतरचे प्रत्येक उत्तर त्याच दिशेने ढळेल. कितीही वेळा मोजले तरी ही चूक उघडकीस येणार नाही. उलट, सर्व उत्तरे एकमेकांशी छान जुळतील!

म्हणून तराजू वजनांनी तपासतात, ती वजने त्याहून वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून पाहतात, आणि ही साखळी अखेरीस नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. १९५६ साली वजन-मापांचा कायदा करून भारताने दशमान पद्धती स्वीकारली. प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा, ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम याच प्रयोगशाळेत आला. त्याचे मूळ पॅरिसजवळच्या सेव्र येथे होते. शंभर वर्षांच्या काळात हे मूळ आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. कोण हलका झाला आणि कोण जड, हे ठरविण्यास साधनच नव्हते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लँकच्या स्थिरांकावर बसविण्यात आली.

तथापि साखळी अखंड असली, तरी तिच्या शेवटच्या टोकाला माणूस असतो. परीक्षण करणाऱ्याला शिक्षण मिळाले आहे काय, नमुना गोठ्याजवळच्या हापशाचा की शाळेतल्या हापशाचा याची चिठ्ठी शाबूत आहे काय, बिघडलेले निष्कर्ष खोडून न टाकता नोंदले जातात काय, वरिष्ठांच्या वा गिऱ्हाइकाच्या दडपणापासून निष्कर्ष मुक्त आहेत काय, असे प्रश्न उरतात. आयएसओ/आयईसी १७०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक याच प्रश्नांसाठी आहे. ते १९९९ साली प्रथम निघाले व २०१७ साली त्याची सध्याची आवृत्ती आली. त्यानुसार भारतातील प्रयोगशाळांची पारख करून त्यांना अधिस्वीकृती देण्याचे काम एनएबीएल या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे राष्ट्रीय मंडळ करते.

कागदपत्रे पाहूनच हे मंडळ थांबत नाही. एकच नमुना सारख्या भागांत वाटून अनेक प्रयोगशाळांकडे धाडला जातो आणि त्यांची उत्तरे एकत्र तपासली जातात. वर कल्पिलेली ०.७ उत्तर देणारी प्रयोगशाळा अशा तुलनेत तत्काळ निराळी पडते. तिने मग कारण शोधून ते दूर केल्याचा पुरावा द्यावयाचा असतो.

अधिस्वीकृती संपूर्ण इमारतीला मिळत नाही, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती ठराविक परीक्षणांपुरती, ठराविक पद्धतीपुरती व ठराविक मुदतीपुरती असते. सिमेंटच्या परीक्षणात नाणावलेली प्रयोगशाळा पाण्यातील फ्लुओराइडच्या बाबतीत अनभिज्ञ असू शकेल. म्हणून ग्रामपंचायतीच्या हाती अहवाल पडला, म्हणजे फ्लुओराइडचे परीक्षण त्या प्रयोगशाळेच्या मान्य यादीत आहे काय, आणि आकड्यासमोर अनिश्चितता लिहिली आहे काय, हे पाहावयाचे. १.४ आणि त्यापुढे ०.१५ असा अहवाल आला, तर पट्ट्याचे वरचे टोक १.५ च्या पलीकडे जाते. अशा विहिरीचा नमुना पॉलिथिनच्या स्वच्छ बाटलीत पुन्हा घ्यावा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मुलांच्या पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे.