तीन पेट्या, दोन चिंचोके

प्रश्न : सातवीची मुले ३क्ष + २ चे उत्तर ५क्ष लिहितात. बिनखर्चाचे साधन सुचवाल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : तीन काड्यापेट्यांत गुपचूप चार-चार चिंचोके भरा, चिकटपट्टी लावा. शेजारी दोन सुटे ठेवा. ‘पाच पेट्या कुठे दिसतात?’ एवढेच विचारा. मग सर्व पेट्यांत सारखेच चिंचोके असून एकूण १४ असल्याचे सांगा. मुले सुटे दोन बाजूला काढतील, १२ चे तीन वाटे करतील, पेटी फोडून ताळा पाहतील.

मात्र ‘आ म्हणजे आंबा’ शिकवू नका. हापूसच्या गावात मोह होतोच! अक्षर फळाचे नसते, पेटीतल्या संख्येचे असते. दुसरे अज्ञात आले की पेटी रंगवा. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात अशा अज्ञातांसाठी कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावे वापरली. ऋण संख्यांना मात्र पेटी चालणार नाही. तिथे संख्यारेषाच घ्या.