२.३ सहकार : व्यवहारातील आणि ख्रिस्ती शिकवणीतील
कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना उभारणे अशक्यच होते. महांकाली सहकारी साखर कारखाना सभासदांच्या एकत्रित बळावर उभा राहिला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच असते.

ख्रिस्ती शिकवणीत याच्या जवळचा विचार आढळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मंडळीला शरीराची उपमा देतो आणि दुर्बल अवयवही आवश्यक मानतो. १९७० मध्ये नागपूर येथे सहा मंडळ्यांनी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन होणे, हे ऐक्याच्या या विचाराचे व्यावहारिक रूप होय.

दोन्हींत दुबळा घटक दयेचा विषय नसून हक्काचा भागीदार असतो. मात्र समान मत असूनही सभासद गप्प राहिला, तर सहकार नावापुरताच उरतो.

स्वाध्याय : ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाचे महत्त्व स्पष्ट करा.