आधी नाकाचं सांग

बातमी नानांकडून आली. नानांच्या बातमीत तिखटमीठ असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ही ऐकून सांगलीच्या आत्यांची झोप उडाली. रेडिंगला छकुलीकडे, म्हणजे नानांच्या लेकीकडे, जे कासव आहे ते शिंकतंय, त्याच्या नाकाशी बुडबुडे येतात, आणि तरीही नोव्हेंबरात ते फ्रिजमध्ये ठेवायचं चाललंय. नानांना नवल वाटलं ते फ्रिजचं. आत्या पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. त्यांनी धसका घेतला तो बुडबुड्यांचा.

त्याच रात्री त्यांनी फुलस्केप कागद पुढ्यात ओढले. 'चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.' छकुली आता स्वतः एका मुलीची आई आहे, पण मायन्यातलं नाव काही बदललेलं नाही. दुसऱ्या ओळीपासून रागावणं सुरू. "आधी नाकाचं सांग. पाणी येतंय की चिकट येतंय? एका नाकपुडीतून की दोन्हींतून? मान ताणून, तोंड उघडून श्वास घेतो का? तू फोटो पाठवतेस ते कवचाचे. नुसतं कवच बघून मी काय ओळखू?"

कासवाचं नाव गोट्या. हर्मन जातीचा, स्पेन-इटलीपासून बाल्कनपर्यंतच्या उन्हाळ टेकड्यांवरचा, पण इंग्लंडातच अंड्यातून निघालेला. कागदपत्रं रीतसर आहेत. त्याबद्दल आत्यांची तक्रार नाही.

तक्रार नाकाची. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये आपल्याला असतो तसा स्नायूंचा पडदा त्याला नसतो, आणि फुफ्फुसं असतात थेट पाठीच्या कवचाखाली. आत पू साचला की तो बाहेर टाकायला वाट उरत नाही, म्हणून आज जी सर्दी दिसते तिचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. कारणं अनेक असतात: मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू, हर्पिसचा विषाणू, किंवा नुसता गारठा आणि ओल. हर्पिस असेल तर जिभेवर, टाळ्यावर पांढरट-पिवळट थर दिसतो. अमेरिकेत मोहावीच्या वाळवंटातल्या कासवांना १९९० मध्ये कायद्यानं संकटग्रस्त ठरवलं गेलं, त्यामागच्या कारणांत श्वसनाचा हाच आजार होता. लोकांनी पाळून मग वाळवंटात सोडून दिलेल्या कासवांनी तो पसरवला असावा, असा संशय आजही आहे. आत्यांनी हे सगळं लिहिलं आणि खाली रेघ मारली: "म्हणून गोट्याला सोबत हवी असं लेक म्हणाली तरी दुसरं कासव आणायचं नाही. आणलंच तर निदान सहा महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात. आणि वेगळ्या जातीचं तर मुळीच नाही. एका जातीला जो विषाणू पचतो तो दुसरीला मारतो."

फ्रिजच्या बाबतीत मात्र आत्यांनी नानांना चूक ठरवलं. ब्रिटनमध्ये कासव पाळणाऱ्यांची ती रूढ पद्धत आहे. भूमध्य समुद्राकाठची ही कासवं हिवाळ्यात माती उकरून आत शिरतात आणि महिनोन् महिने निजतात. इंग्लंडचा हिवाळा त्यांच्या कामाचा नाही. एक आठवडा उबदार, पुढच्या आठवड्यात कडक गोठण. पारा दहाच्या वर गेला की कासव अर्धवट जागं होऊन अंगातला साठा जाळतं, आणि शून्याखाली गेला की डोळे जातात, कधी जीवही. म्हणून एक वेगळा फ्रिज पाच अंशांच्या आसपास लावतात, हवा बदलावी म्हणून त्याचं दार अधूनमधून उघडतात आणि कासवाचं वजन करत राहतात. महिन्याला साधारण एक टक्का घट चालते. एकूण घट दहा टक्क्यांकडे सरकू लागली, किंवा झोपेतच लघवी झालेली दिसली, की लगेच उठवायचं. "वेगळा फ्रिज म्हटलंय," आत्या बजावतात. "दुधाशेजारी गोट्या नको. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो. हा माझा सोवळेपणा समजू नकोस. अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलं आजारी पडत होती म्हणून. लेकीनं त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि त्याची पापी घ्यायची नाही."

पण हे सगळं निरोगी कासवासाठी. ज्याचं नाक वाहतंय त्याला निजवायचं नाही, हे आत्यांनी पत्रात जागोजागी लिहिलंय, आणि कुठलाही विषय निघाला तरी गाडी तिथंच येऊन थांबते. थंडीत कासवाची प्रतिकारशक्तीही निजते. रोग मात्र अंगातच राहतो. एखादा हिवाळा दिवा आणि ऊब देऊन त्याला जागं ठेवलं तर काही बिघडत नाही.

हे ज्ञान ब्रिटननं फार महागात विकत घेतलं. १९८४ साली युरोपनं रानातून पकडलेल्या भूमध्य कासवांचा व्यापार बंद केला. त्याआधी कित्येक दशकं मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियाकडून ती जहाजं भरभरून यायची आणि मंडईत स्वस्तात विकली जायची. मुलं शरद ऋतूत त्यांना गवताच्या खोक्यात निजवत, आणि वसंतात खोकं उघडलं की पुष्कळदा आत काही उरलेलं नसे. ऑलिफंट जॅक्सन नावाच्या पशुवैद्यानं मग लांबी आणि वजन यांचा एक आलेख मांडला: इतक्या लांबीच्या कासवाचं वजन इतकं तरी हवंच, नाहीतर त्याला निजवू नका. तो आलेख सगळ्या जातींना लागू नाही, पण हर्मनला लागू आहे. शिवाय वजन भरलं म्हणून गाफील राहता येत नाही. पोटात अंडी, मूत्राशयात खडा किंवा अंगात पाणी साचलेलं असेल तरीही काटा वरच जातो.

वजनाच्या नादी लागलेला याहून जुना माणूस म्हणजे सेलबोर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट. निसर्गाच्या त्याच्या नोंदी १७८९ साली पुस्तकरूपानं आल्या आणि आजवर वाचल्या जातात. त्याच्याकडे टिमोथी नावाचं कासव होतं. ते कधी जमिनीत शिरलं, कधी वर आलं, वजन किती भरलं, हे तो टिपून ठेवायचा. टिमोथी ही मादी होती हे मागाहून कळलं. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आत्यांना यातली भावलेली गोष्ट वेगळीच. ते कासव व्हाइटला १७८० मध्ये मिळालं ते त्याच्या आत्याच्या पश्चात. "बघ," त्या लिहितात, "कासवांच्या बाबतीत आत्यांचं ऐकायची रीत जुनी आहे."

इथवर आल्यावर अक्षर थोडं बदलतं, ओळी विरळ होतात.

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आत्या शिकत होत्या त्या काळातली गोष्ट. गाय, म्हैस, घोडा, कुत्रा यांचं सगळं शिकवलं जायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांना जेमतेम जागा. सुट्टीत घरी आल्या तर कोणीतरी आंध्रातून चांदणी कासव आणून ठेवलेलं. घरात कासव असलं की लक्ष्मी येते म्हणे. जस्ताच्या टबात, माजघराच्या अंधारात ते असायचं, आणि सगळ्यांच्या कौतुकाचा दूधभात खायचं. पाठ बोटानं दाबली तर दबत होती. डोळे सुजून मिटले होते. आत्यांनी पुस्तकात वाचलं होतं की डोळे सुजले तर अ जीवनसत्त्व कमी पडतंय. त्यांनी इंजेक्शन दिलं, मग आणखी एक दिलं. काही दिवसांनी मानेची आणि पायांची कातडी सुटून येऊ लागली. अ जीवनसत्त्व जास्त झालं की कासवाला हेच होतं. त्यांना ते पुढं अनेक वर्षांनी वाचायला मिळालं. "नाना तेव्हा लहान होते, त्यांना मी सांगितलं की कासव विहिरीत सोडलं. त्यांना अजून तसंच वाटतं. तू सांगू नकोस." आज ते कासव घरात ठेवणंच गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, हेही त्यांनी लिहिलं, पण ते वाक्य मागाहून आठवून घातल्यासारखं वाटतं.

म्हणूनच पुढची ताकीद इतकी कडक आहे. जंतांसाठी नाना गोठ्यातल्या औषधाचं नाव सांगतील, कारण गुरांना ते आयव्हरमेक्टिनच देतात. कासवाला ते विष आहे, लकवा होऊन मरतं. कासवांच्या जंतांसाठी निराळं औषध असतं, आणि ते विष्ठा तपासून, वजनावर मात्रा काढून, व्हेटनंच द्यायचं. नाकासाठीही घरातलं अँटिबायोटिक नको. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला व्हेट शोध, आणि तोवर त्याला उबेत ठेव. अंग थंड असलं तर औषधही नीट लागू पडत नाही.

मऊ कवचाचं कारण आत्यांना आता नेमकं माहीत आहे: कॅल्शियम कमी आणि ऊन नाही. अतिनील किरणांतला ठराविक भाग अंगावर पडला तरच कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि तो भाग काच अडवते. खिडकीत बसवलेला गोट्या उन्हात दिसतो, पण त्याला नुसती ऊब मिळते. त्यासाठीचा खास दिवाही वर्षभरात थकतो. उजेड तसाच राहतो, किरण संपलेले असतात. तो बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची. दिव्याखालची जागा तीस ते पस्तीस अंश, दुसरं टोक गार, म्हणजे त्याला हवं तिथं जाऊन बसता येतं. पाठीवर उंचवटे येऊ लागले तर लोक प्रथिनांना दोष देतात. आफ्रिकेतल्या मोठ्या कासवांवरच्या २००३ सालच्या अभ्यासात मात्र हवेतला कोरडेपणाच त्याहून मोठं कारण निघाला. कवच म्हणजे जिवंत हाड, ते तडकतं आणि त्याला जखमही होते. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातला अद्वैत नावाचा महाकाय म्हातारा २००६ साली गेला, तेव्हा त्याच्या कवचाला तडा जाऊन जखम झालेली होती.

खाण्याबद्दल छकुलीच्या लेकीला वेगळा निरोप आहे. स्ट्रॉबेरी आणि केळं गोट्याला आवडतं म्हणून द्यायचं नाही, पोट बिघडतं. पाव नाही, काकडी म्हणजे नुसतं पाणी, पालक रोज नको. अंगणातलं डँडेलियन, प्लँटेन, जास्वंदीची पानं. वर कॅल्शियमची चिमूटभर पूड. कोमट पाण्याच्या उथळ ताटात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, म्हणजे पाणी पितो आणि खडा धरत नाही. लघवीबरोबर पांढरं, पेस्टसारखं पडतं ते ठीक. रवाळ, वाळूसारखं लागलं तर कळव.

वय झालेलं कासवसुद्धा खाण्यानं सावरतं. सेंट हेलेना बेटावर जोनाथन आहे, १८३२ च्या सुमाराचा. मोतीबिंदूनं आंधळा, वासही येत नाही. त्याची चोच बोथट होऊन गवत तुटेना, वजन घटलं. जो हॉलिन्स या पशुवैद्यानं त्याला हातानं फळं-भाज्या भरवायला सुरुवात केली. चोच पुन्हा धारदार झाली. आत्या म्हणतात, गोट्या तर अजून पोर आहे.

शेवटच्या पानावर राग उतरलेला दिसतो. "मी रागावले, मनावर घेऊ नकोस. तू चांगलं सांभाळतेस. नोकरी, लेक, घर, त्यात हे कासव. तुला लहानपणी मांजराचं पिल्लू हवं होतं आणि आम्ही घेऊ दिलं नाही, ते मला आठवतं. लेकीला गोट्या आणून दिलास, बरं केलंस. व्हेटकडे एकटी जाऊ नकोस, जावयांना घेऊन जा. बिल जास्त आलं तर मला सांग, नानांना नको. नानांशी बोलताना तुझा आवाज बसलेला होता म्हणे. तुझंही नाक वाहतंय का? पार्सलात भाजणी, मेथकूट आणि सुंठीच्या वड्या आहेत. सगळं तुझ्यासाठी आहे, गोट्यासाठी यातलं काही नाही. उद्या सकाळी त्याचं वजन कर आणि ग्रॅममध्ये लिही. तू काय खाल्लंस तेही लिही."